आठ चाळीसची बातमी

१

पेटीचं झाकण उघडलं आणि दोनशे माणसांच्या ओठांवर आलेला ‘साधु, साधु’चा घोष ओठांवरच राहिला.

आत मूर्ती नव्हती. होता तो ओढ्यातला काळा गोटा, मांजराएवढा, उसाच्या हिरव्या वाढ्यात, शेंड्याच्या पानांत, नीट गुंडाळून बसवलेला.

माघ पौर्णिमेचा दिवस. इंदापूरच्या वस्तीवरचा नवा विहार सकाळपासून पांढऱ्या कपड्यांनी भरून गेला होता. चौथरा धुऊन पुसून तयार होता. फुलं होती, मेणबत्त्या होत्या, पुण्याहून भन्तेजी येऊन बसले होते. फक्त ज्याच्यासाठी हे सगळं, तेच नव्हतं.

आणि ती मूर्ती काही दुकानातून विकत आणलेली नव्हती. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या सेहेचाळीस घरांनी एकेक भांडं दिलं होतं. कुणी परात, कुणी समई, कुणी नवऱ्याचं जेवायचं पितळी ताट. ते सगळं वितळवून पुण्यात दोन हात उंचीची मूर्ती ओतून घेतली होती. पणदऱ्याच्या रंगूबाईनं तर आईची तांब्याची घागर दिली होती. बाकी काही नव्हतंच तिच्याकडं द्यायला.

“माझी घागर कुठं हाय?” रंगूबाई पुटपुटली. मूर्ती म्हणायचंही तिला सुचलं नाही.

विहार समितीचे अध्यक्ष भानुदासआबा. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला उंच, करारी माणूस. त्यांनी गोट्यावर हात ठेवला, काढला, आणि गर्दीत उभ्या असलेल्या एका माणसाकडं वळून पाहिलं.

“मुजफ्फर, पेटी तू केलीस. मूर्ती तुझ्या दुकानात राहिली काल रातभर. सकाळी पेटी बंद करून तूच गाडीत ठेवलीस.”

मुजफ्फर सुतार. बारामतीत स्टँडच्या मागं त्याचं दुकान. विहाराची दारं-खिडक्या त्यानंच केलेली. त्याच्या हातात अजून पेचकस होता. आत्ताच त्यानं झाकणाचे आठ स्क्रू काढले होते.

“आबा, म्या ठेवली ती मूर्तीच व्हती,” तो म्हणाला. “अल्लाकसम.”

“मग गोटा कुणी ठेवला? वाऱ्यानं?”

गर्दीतून कुणीतरी बोललं, “पोलिसात द्या.” मग दुसरं कुणी. मग बरेच.

आबांनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

“चार वाजेपर्यंत मूर्ती परत आली तर आली,” ते म्हणाले. “न्हाय तर मी सोता ठाण्यात जानार. मंग माझ्यापाशी कुनी यायचं न्हाय.”

मुजफ्फरच्या हातातला पेचकस फरशीवर पडला.

तो उचलून त्याच्या हातात परत दिला तो करुणाताईंनी.

२

करुणाताई बारामतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर बसत. फोन बंद पडला की लोक जो नंबर फिरवत, तो त्यांच्यापुढं वाजायचा. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. दोन्ही तालुक्यांत त्यांना चेहऱ्यानं ओळखणारी माणसं थोडी. आवाजानं ओळखणारी हजारो.

रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय त्या चहा घेत नसत, आणि पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारी बारानंतर जेवत नसत. आज सकाळची पाळी साडेनऊला संपवून, पांढरं लुगडं नेसून त्या भिगवणमार्गे यष्टीनं आल्या होत्या. त्यामुळं पोचायला सव्वाअकरा झाले होते, आणि बारा वाजायला आता पंधराच मिनिटं उरली होती. जेवणाची पंगत तशीच खोळंबली होती. त्यांनी ताटाकडं एकदा बघितलं आणि आज काही जमायचं नाही म्हणून मनातून ते बाजूला ठेवलं.

“मुजफ्फरभाऊ, मला पहिल्यापासून सांगा.”

“काय सांगू ताई? काल सांजच्याला पेटी झाली. मूर्तीला चादर गुंडाळली, भवतीनं रंध्याच्या छिलक्या भरल्या. सकाळी आठच्या भोंग्याला आबांच्या विकीच्या गाडीच्या डिकीत ठेवली. मी म्हनलो, मी बी येतो संगं. तर म्हनला, पुढं मशीनच्या वायरी हायेत, पाय लागंल. तुमी यष्टीनं या.”

“स्क्रू तुम्हीच बसवले?”

“साबन लावून. आठी. पर ताई...” तो थांबला. “आत्ता काढताना दोन-चारांची डोकी खाल्लेली दिसली. माझ्या हातनं तसं व्हत न्हाय.”

“हे आबांना सांगितलंत?”

“चोराचं कोन ऐकतं?”

करुणाताई पेटीपाशी जाऊन खाली बसल्या. आत लाकडाची एकही छिलकी नव्हती. नुसतं वाढं. शेजारी रंगूबाई उकिडवी बसली होती, जन्मभर ऊसतोड केलेली, हाताच्या तळव्यांना विळ्याच्या मुठीचा घट्टा. तिनं एक पान उचललं, मोडलं, हुंगलं.

“ह्ये आज सकाळचं वाढं हाय,” ती म्हणाली.

“नक्की?”

“रातचं असतं तर कडा वळल्या असत्या की. ह्येच्या बुडात बग, अजून दव हाय. मी मगाच म्हनत व्हते तर मला म्हनले, रंगूबाई, गप बसा, भन्तेजी हायेत.”

करुणाताईंनी बोट लावून पाहिलं. पानाच्या बेचक्यात खरंच थंड ओल होती.

मुजफ्फरचं दुकान भर बाजारात. तिथं पहाटे ऊस कुठून येणार? आणि हवाच असता, तर दुकानभर छिलक्या पडलेल्या असताना वाढं आणायला रानात कोण जाईल?

म्हणजे पेटी उघडली गेली ती दुकानातून निघाल्यावर. वाटेत.

आणि वाटेत ती फक्त एका माणसापाशी होती.

तो माणूस करुणाताईंच्या डोळ्यांदेखत लहानाचा मोठा झाला होता. भानुदासआबांचा सख्खा पुतण्या, विकी.

३

विकी तीन वर्षं जर्मनीत एका मोटारीच्या कारखान्यात होता. दिवाळीत परत आला तो एक यंत्र घेऊन. ते त्यानं आपल्या पांढऱ्या गाडीत बसवलं तेव्हा निम्मी बारामती बघून गेली. वहीएवढा पडदा, त्यावर एक बाण. गाडी वळली की बाण वळायचा.

आठवड्यापूर्वी तो मुद्दाम एक्स्चेंजवर करुणाताईंना दाखवायला आला होता.

“ताई, हा बाण म्हणजे आपण. आकाशातले उपग्रह सांगतात आपण कुठं आहोत ते.”

“आणि बाणाभोवती सगळं पांढरं का?”

“नकाशा जर्मनीचा आहे ना. इथला अजून कुणी केलेला नाही.” मग त्यानं पडद्याखालची काळी डबी दाखवली. तिला दोरीसारखी लांब वायर लोंबत होती. “आणि खरी गंमत ही. पुढं रस्ता तुंबला असला की आधीच कळतं. तिकडं रेडिओ स्टेशनवाले गाण्यांच्या आडून रस्त्यांच्या बातम्या पाठवतात. आपल्याला ऐकू येत नाहीत, पण ही डबी ऐकते आणि पडद्यावर दाखवते. लाल म्हणजे तुंबला, हिरवा म्हणजे मोकळा.”

“बाणाचा कान वेगळा आणि बातमीचा वेगळा म्हणायचा.”

“अगदी बरोबर!” विकी खूश झाला होता. “तुमच्या लाइनीतलंच आहे की ताई हे.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि बोलणं तिथंच राहिलं होतं.

आज विहारात जो तो त्याच यंत्राबद्दल बोलत होता. कारण सकाळी अकराला विकी पोचला तेव्हा आबांनी उशीर का म्हणून विचारलं, आणि त्यानं सगळ्यांपुढं सांगितलं होतं: “बारामतीतून निघून पाच मिनिटं झाली नाहीत, तिठ्यावरच मशीननं आवाज दिला. सणसरकडच्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलापाशी लाल! उसाची ट्रॉली उलटली, फोनचा खांब पाडला, रस्ता बंद. म्हणून मी गाडी तशीच भिगवणकडं वळवली. लांबून आलो, पण मूर्ती सुखरूप आणली.”

तेव्हा कुणी फारसा विश्वास ठेवला नव्हता. पण वीस मिनिटांनी बारामतीची यष्टी आली. तीतून रंगूबाई आणि मुजफ्फर उतरले, आणि सगळी यष्टी एका आवाजात सांगू लागली. पुलावर ट्रॉली आडवी झालेली, खांब पडलेला, रस्ता बंद. अलीकडच्या यष्टीतली माणसं उसाच्या ढिगावरून पलीकडं उतरली, पलीकडची अलीकडं आली, आणि दोन्ही गाड्या तिथूनच माघारी फिरल्या.

“मशीन खरं बोललं!” लोक म्हणाले. ज्याचं यंत्र एवढं खरं, त्याच्यावर कोण संशय घेणार? मग संशयाला एकच माणूस उरला. मुजफ्फर.

करुणाताई विहाराच्या पायरीवर बसून राहिल्या. बारा वाजून गेले. त्यांच्या मनात एकच गोष्ट पुन्हापुन्हा येत होती.

बावीस वर्षं त्यांनी कानाला फोन लावला होता. पलीकडं कुणी बोलत असेल तरच अलीकडं ऐकू येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

मग आज त्या डबीशी कोण बोललं?

४

विहारासमोर बादशाहचं किराणा दुकान होतं आणि त्यातच एसटीडीची पिवळी पेटी. बादशाह काउंटरवर जपमाळ ओढत बसला होता.

“या ताई. मुजफ्फरच्या आईचा, मेहबूबबीचा फोन आलता बारामतीवरनं, आत्ताच. तिला कुनीतरी सांगितलंय, तुझ्या पोरानं बुद्धाची मूर्ती चोरली म्हनून. म्हातारी रडत व्हती. म्हनली, मूर्ती सापडंस्तवर मी अन्नाला शिवनार न्हाय.” त्यानं माळ थांबवली. “काय सांगू तिला?”

“मी तिच्याशी संध्याकाळी बोलते म्हणावं,” करुणाताई म्हणाल्या. “आणि आधी मला भिगवण लावून द्या.”

भिगवणच्या तिठ्यावर गेणबाचं चहाचं दुकान. त्याचा फोन महिन्यातून दोनदा बंद पडे, त्यामुळं तो करुणाताईंना बहिणीसारखा मानी.

“जय भीम, गेणबा. आज विकीची पांढरी गाडी गेली का हो तिथून?”

“काचंत वायरची शेपटी लोंबत असल्याली? गेली की. भन्नाट गेली. हात केला तर थांबला बी न्हाय.”

“किती वाजता?”

“मासळीची गाडी गेली धाला. त्येच्यानंतर. सव्वाधा झालं असत्याल.” गेणबा खाकरला. “आन पुढच्या पत्र्यात ही एवढी उसाची पानं अडाकल्याली. म्या म्हनलं, जर्मनीचं मशीन उसात घुसलं काय?”

करुणाताईंनी फोन ठेवला. बारामती ते भिगवण चाळीस मिनिटं. आठला निघालेला माणूस पावणेनऊला भिगवणला हवा. तो सव्वादहाला पोचला. दीड तास गाडी कुठं होती?

त्यांनी दुसरा फोन लावला, एक्स्चेंजला. त्यांच्या जागेवर मोनाली होती.

“मोनाली, तक्रारींच्या वहीत आजची दुसरी नोंद वाच गं. मीच केलीय, पण खात्री करून घेते.”

कागद उलटल्याचा आवाज आला. “सणसरकडच्या सगळ्या लाइनी एकदम बंद. वेळ आठ चाळीस. लाइनमन म्हस्कू रवाना. कारण... कारण तुम्ही मोकळंच सोडलंय, ताई.”

“कारण मला माहीत नव्हतं.”

करुणाताईंनी डोळे मिटले. मग हळूच उघडले.

“म्हस्कूचा निरोप?”

“आत्ताच पुलावरून त्यानं तात्पुरती लाइन जोडली. खांब ट्रॉलीनंच पाडलाय म्हणाला. त्याचा नंबर घ्या.”

दुकानाबाहेर करुणाताईंच्या जाऊबाई वाट बघत होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “अहो, मग सरळ सांगा त्याला, पोलिसांना मूर्ती सापडली, तुझं नाव आलंय. आपसूक कबूल होईल.”

“आज सकाळी शील घेतलंय,” करुणाताई म्हणाल्या. “खोटं बोलणार नाही म्हणून.”

“एवढ्याशा खोट्यानं काय होतंय?”

“तो माझ्यापेक्षा चांगलं खोटं बोलतो, वहिनी. त्या मैदानात मी हरेन. मी खरंच बोलते. तिथं त्याची सवय कमी आहे.”

फोनच्या लाइनी मिळेमिळेपर्यंत साडेतीन झाले होते. समोर भानुदासआबा काठी घेऊन उठत होते.

५

“आबा, अर्धा तास आहे अजून,” करुणाताई म्हणाल्या. “तेवढ्यात मला विकीचं यंत्र बघायचंय. सगळ्यांनी बघावं.”

विकीला तेच हवं होतं. त्यानं पांढरी गाडी विहाराच्या दारात आणली. माणसं भोवती जमली. पडदा उजळला. पांढऱ्या पडद्यावर काळा बाण.

“बघा आबा, मी काय म्हणतो,” विकी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “झालं ते झालं. मुजफ्फरचाचाला पोलिसात द्यायला मलाही बरं वाटत नाही. मी पंधरा दिवसांत संगमरवरी मूर्ती आणतो. पाच फुटी! सगळा खर्च माझा. खाली फक्त एक छोटी पाटी.”

“पाटी कसली?” रंगूबाईनं विचारलं.

“दात्याच्या नावाची. रीत असते, आत्या.”

करुणाताईंनी हे ऐकलं आणि त्यांना न उमगलेली एकच गोष्ट उमगली. चोरी का, हे त्यांना दिवसभर कळत नव्हतं. भांड्यांच्या पितळेसाठी विकी चोरी करणारा नव्हता. पण सेहेचाळीस घरांच्या मूर्तीवर कुणाचंच नाव नव्हतं.

“विकी,” त्या नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या, “आत्ता सणसरचा रस्ता कसा आहे, बघ ना यंत्रात.”

विकी वाकला. दोन बटणं दाबली. जरा थांबला. पाठमोरा, पडद्यापुढं.

“मोकळा,” तो म्हणाला. “हिरवा झालाय. सात तास झाले ना ताई, ट्रॉली उचललीच असणार.”

“बादशाहभाऊ, लावा म्हस्कूला.”

बादशाहनं नंबर फिरवला आणि वायर ताणून रिसीव्हर दारापर्यंत आणला. करुणाताईंनी तो भानुदासआबांच्या हातात दिला. आबा ऐकत गेले आणि मोठ्यानं सांगत गेले, वर्गात शुद्धलेखन सांगावं तसं.

“म्हस्कू म्हनतोय... ट्रॉली हाय तितंच हाय... क्रेन दौंडावरनं यायचीय... सायकल बी जात न्हाय.” त्यांनी रिसीव्हर खाली केला. “विकी, तुझं मशीन तर मोकळा म्हनतंय.”

“सिग्नल... इथं सिग्नल कमी आहे.”

“कुठला सिग्नल?” करुणाताईंनी विचारलं. “तूच सांगितलं होतंस मला. बाणाला उपग्रह सांगतो. पण रस्त्याची बातमी रेडिओ स्टेशन पाठवतं, गाण्यांच्या आडून. जर्मनीत पाठवतात. इथं कोण पाठवतं, विकी? ही डबी ऐकायला तयार आहे रे. पण तिच्याशी बोलणारं या मुलखात कुणीच नाही.”

गर्दीत कुजबुज झाली. पण विकी सावरला. हसला सुद्धा.

“ताई, मग सकाळी मला कळलं कसं? यष्टी यायच्या आधी मी सांगितलं होतं. ट्रॉली, खांब, पूल, सगळं. खरं निघालं की नाही? आबा, तुम्हीच सांगा.”

“खरं निघालं,” आबा म्हणाले.

“अगदी खरं,” करुणाताई म्हणाल्या. “शब्दन् शब्द. तू आठला निघालास आणि पाच मिनिटांत, तिठ्यावर, यंत्रानं सांगितलं म्हणालास. म्हणजे आठ वाजून पाच मिनिटांनी.”

“हो.”

“खांब पडला आणि सणसरकडच्या लाइनी गेल्या त्या आठ चाळीसला. माझ्या हातानं नोंद केलीय.”

विकीचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून उतरलं.

“आठ पाचला ती ट्रॉली सरळ उभी होती रे. चालत होती. न झालेल्या अपघाताची बातमी तुला पस्तीस मिनिटं आधी दिली, असं कुठलं यंत्र आहे?”

भन्तेजी विहाराच्या दारात येऊन उभे राहिले होते.

“एक्स्चेंजमध्ये बसून मला लाइन का गेली ते साडेनऊपर्यंत ठाऊक नव्हतं. पडलेला खांब ज्यानं डोळ्यांनी पाहिला, त्यालाच ते ठाऊक. तू भिगवणला वळलाच नाहीस. तू सणसरच्या रस्त्यानं गेलास. वाटेत थांबलास. थांबून निघालास तर पुढं पूल बंद. मग माघारी फिरलास, बारामतीवरून भिगवण, भिगवणवरून इथं. गेणबानं तुला सव्वादहाला पाहिलं, पत्र्यात उसाची पानं घेऊन. आणि पुलावर अडकलो होतो असं म्हणायची सोय नव्हती. त्या यष्टीतली पन्नास माणसं म्हणाली असती, आम्ही तर तुला पाहिलं नाही.”

“कुठं थांबला त्यो?” आबा काठी टेकत पुढं आले.

“पेटीत आज सकाळचं वाढं आहे, आबा. पुलाच्या बारामतीकडच्या अंगाला, पिंपळीच्या पुढं, उसाच्या रानात पाण्याच्या मोटारीची खोली कुणाची आहे, ते मला विचारू नका. ती तुमचीच आहे. भावाभावांतली.”

भानुदासआबांनी हात पुढं केला.

“विक्या. खोलीची किल्ली.”

विकीनं खिशात हात घातला. किल्ली काढली. आणि तिथंच गाडीच्या दाराला टेकून, मोठा झालेला, परदेश बघून आलेला तो माणूस हुंदके देऊ लागला.

“मी टाकून देणार नव्हतो ताई. पोत्याखाली झाकून ठेवलीय. नंतर कुठंतरी सापडल्यासारखी करणार होतो. मला फक्त... सगळी म्हणतात सेहेचाळीस घरांची मूर्ती. मी तिकडं होतो तेव्हा. माझ्या घरचं एक भांडंसुद्धा नाही तीत.”

“आरं मुडद्या,” रंगूबाई म्हणाली, “चमचा आनून दिला असतास तरी घेतला असता की!”

६

मूर्ती पौर्णिमेच्या दिवसातच बसायला हवी होती, आणि सूर्यास्ताला अडीच तास होते. मूर्ती पुलाच्या पलीकडं, रस्ता बंद, आणि भिगवणवरून फिरून आणायची तर दिवस मावळणार. किल्ली इथं, कुलूप तिथं.

“म्हस्कू,” करुणाताई फोनवर म्हणाल्या, “पिंपळीच्या पुढची आबांची मोटारीची खोली माहीत आहे? कुलूप तोडा. आबा सांगताहेत.”

“तोड रं!” आबा मागून ओरडले.

वीस मिनिटांनी फोन वाजला. बादशाहनं उचलला, आणि त्याचं तोंड बघूनच लोकांनी ओरडायला सुरुवात केली.

“घावली! पोत्याखाली! साबूत हाय म्हनतोय, एक वरखडा न्हाय!”

मुजफ्फर आणि चार जण टेंपो घेऊन पुलाकडं सुटले. तिथं काय झालं ते पुढं वर्षभर दोन्ही तालुक्यांत सांगितलं जात होतं. म्हस्कूनं मूर्ती मोटारसायकलवर, पोटाशी धरून, ट्रॉलीपर्यंत आणली. पुढं पुरुषभर उसाचा ढीग. तेव्हा अडकलेली माणसंच ढिगावर चढली. ऊसतोडीच्या बाया, ट्रकचे क्लीनर, यष्टीचा कंडक्टर, गाडीवान. सकाळी जशी माणसं या बाजूची त्या बाजूला गेली, तशी आता मूर्ती निघाली. हातातून हातात. कोण कुणाचा, कुणी विचारलं नाही. पायाखालचा ऊस घसरत होता आणि बाया एकमेकींना सांगत होत्या, “दमानं गं, दमानं, सेहेचाळीस घरं हायेत!”

शेवटचे हात मुजफ्फरचे होते.

सव्वासहाला टेंपो वस्तीत शिरला तेव्हा पश्चिमेला आभाळ तांबूस होतं आणि पूर्वेला माघाचा चंद्र नुकता वर येत होता. मूर्ती चौथऱ्यावर बसली. मुजफ्फरनं खालचे बोल्ट आवळले. दिवसभर अडकलेला तो ‘साधु’ दोनशे गळ्यांतून तीनदा निघाला, तेव्हा समोरच्या दुकानाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

रंगूबाई मूर्तीच्या गुडघ्यापाशी नाक लावून बघत होती. “ही इथं जरा लालसर हाय बगा. ही माझीच घागर.”

भानुदासआबांनी सगळ्यांदेखत मुजफ्फरपुढं हात जोडले. मुजफ्फरनं ते धरून खाली केले. मग विकी पुढं आला. तो मुजफ्फरच्या पाया पडायला वाकला.

“ऱ्हाऊ दे,” मुजफ्फर म्हणाला. “पर पुढच्या वक्ताला स्क्रू काढायचा आसंल तर पेचकस मागून ने. माझ्या चार स्क्रूंची डोकी खाल्लीस तू. साबन लावून बसवलं व्हतं!”

आबासुद्धा हसले. डोळे पुसत हसले.

करुणाताई पायरीवर बसल्या होत्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आता उद्या सकाळपर्यंत काही जाणारही नव्हतं. बादशाहनं उसाच्या रसाचा पेला आणून पुढं ठेवला. “ह्ये तर चालतं ना तुमाला?” त्यांनी मान हलवली. रस थंड होता. त्या दोन्ही हातांनी पेला धरून सावकाश प्यायल्या.

तेवढ्यात पिवळ्या पेटीतला फोन वाजला.

“मेहबूबबी,” बादशाह म्हणाला. “ताई, तुमीच सांगा.”

करुणाताईंनी रिसीव्हर घेतला. पलीकडून म्हातारी मोठ्यानं हाका मारत होती. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला नाही. गर्दीत मागं उभ्या असलेल्या विकीकडं पाहिलं आणि त्याच्यापुढं धरला.

“तू बोल.”

विकीनं रिसीव्हर घेतला.

“दादी,” तो म्हणाला, “मी विकी. मूर्ती मुजफ्फरचाचांनी नव्हती चोरली. मी चोरली होती.”

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की रिसीव्हरमधून सगळ्यांना ऐकू आला.

“बसली का पन मूर्ती?”

“बसली, दादी.”

“मंग आता मी जेवते. आन माझ्या पोराला बी जेवूनच लावून दे. सकाळधरनं उपाशी असंल त्यो.” ती जरा थांबली. “आन तू बी खा रं काईतरी.”